ओल कुठनं येतीय?

"तुला कुणी पाठवलं?"

मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, जाहिरात वाचून आले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, माझी ड्रॉइंगची गुंडाळी न सोडताच टेबलाच्या कडेला लोटली आणि माझ्या पर्समध्ये चोरीचा माल असल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"जाहिरात सगळ्या गावानं वाचली. तूच कशी काय आलीस? कुठल्या बिल्डरची पावणी न्हाईस न्हवं?"

"नाही सर. आम्ही कागलचे. शेती आहे."

"हायवेला लागून?"

"जवळच."

"मंग बिल्डर येऊन बघून गेला असंल की."

गेला होता खरा, त्याच महिन्यात. मी काहीच बोलले नाही. माझं ते गप्प बसणं त्यांना माझ्या मार्कांपेक्षा जास्त पटलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "उद्यापासनं ये. सकाळी लवकर."

त्या दिवसापासून मी 'कागल' झाले. माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. माणूस नाव बदलून सांगतो, गाव सहसा बदलत नाही, असा त्यांचा हिशेब. ते स्वतः नेसरीचे. तिथून शिकायला बाहेर पडले, आर्किटेक्ट झाले आणि कोल्हापुरात येऊन बसले. शाहूपुरीत एका फॅब्रिकेशनच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर लोखंड कापायचं काम चाले आणि वर आम्ही चुना, माती आणि लाकूड यांच्याबद्दल बोलायचो.

काम दोन तऱ्हेचं होतं. जुन्या इमारती दुरुस्त करून टिकवायच्या, आणि नव्या बांधायच्या तर अशा, की उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसता यावं आणि छतावर पडलेलं पाणी गटारात न जाता वापरात यावं. दुसऱ्या ऑफिसांच्या पत्रकांवर या सगळ्याला 'परंपरा आणि पर्यावरणाचा संगम' असं काहीतरी छापलेलं असे. तसं एक वाक्य आपल्याही पाटीवर घालू या, असं मी सुचवलं तेव्हा सर म्हणाले, "संगम बघायला लोक प्रयागला जातात. आपण भिंती बांधतो." जुनं म्हणून चांगलं म्हणणारा आणि नवं म्हणून चांगलं म्हणणारा, दोघंही आपल्याला काहीतरी विकायला आलेले असतात, असं ते म्हणायचे. एकदा पुण्याहून एक तरुण 'ग्रीन' रंगाचे डबे घेऊन आला. भिंत श्वास घेते, मुलांना दमा होत नाही, असं बराच वेळ सांगत होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या घरात लावलायस?" तो म्हणाला, "मी भाड्यानं राहतो सर." "मंग घरमालकाच्या घरात लाव. सहा महिन्यांनी ये, भिंत श्वास घेतीय का बघू." तो परत आला नाही. सरांनी त्याचं कार्ड मात्र जपून ठेवलं, न जाणो माणूस खरा निघायचा.

कुठल्याही घरात शिरल्यावर ते आधी मागच्या बाजूला जात. पुढची बाजू पाहुण्यांसाठी सजवलेली असते, घर खरं बोलतं ते मोरीपाशी, असं त्यांचं मत. मग बोटांच्या सांध्यांनी भिंत वाजवायची, नाक लावून वास घ्यायचा आणि शेवटी जीभ लावायची. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले ते टाकाळ्यावरच्या एका बंगल्यात. सरांनी दिवाणखान्याची भिंत चाटली तेव्हा घरच्या बाई पोह्यांच्या बश्या घेऊन दारातच थबकल्या.

"खारट हाय," सर त्यांच्या यजमानांना म्हणाले. "तुमी सांगितलं पावसाळ्यात जरा ओल येती. एवढं मीठ पावसाळ्यात साठत न्हाय. बारा महिने ओल हाय हितं. खोटं का बोलला?"

यजमान निवृत्त अधिकारी होते. असं कुणी विचारण्याची त्यांना सवय नव्हती. ते काम आम्हाला मिळालं नाही, पण सरांना त्याचं काही वाटलं नाही. जिन्यातून उतरताना ते तो जिनाच वाजवून बघत होते.

लग्नाच्या हॉलमध्ये ते पीओपीच्या छताखाली कधी बसत नसत. बरोबरच्यांनाही उठवून कडेला बसवत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसत सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा मान वर करून आमची तुळईच बघत होते. आईला वाटलं, मुलात काहीतरी दोष आहे." सर यावर म्हणत, "तुळई वाळवीनं खाल्ली हुती. ते सांगायचं का तुझं कौतुक करायचं?"

आम्हा ऑफिसातल्या लोकांसाठी त्यांचा एकच मंत्र होता. कुणी काही सांगायला गेलं की ते कागदावरून मान वर न करता विचारत, "बघितलंस का ऐकलंस?" वाळू चांगली आली म्हटलं, की हेच. महापालिकेच्या साहेबांनी होकार दिला म्हटलं, तरी हेच. ऐकलेलं काहीही त्यांच्या टेबलावर चालत नसे. सुरुवातीला मला हा माणूस विक्षिप्त वाटे. पुढे त्याच्याबद्दलच शंका यायला लागली. जो सगळ्यांवर संशय घेतो त्याला स्वतःला काहीतरी लपवायचं असतं, असं मला वाटायचं. मी त्यांचे फोन कान देऊन ऐकायचे. सापडलं काही नाही. एवढंच कळलं, की फोनवरही ते समोरच्याला आधी "तू खरंच तूच हाईस का?" असं विचारतात.

या सगळ्या संशयातून एकच माणूस सुटलेला होता. दस्तगीरभाई. चुन्याच्या कामाचे कंत्राटदार. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम, आणि सरांच्या अगदी पहिल्या कामापासून ते बरोबर. साइटवर दोघांची भांडणं चालायची. सर गिलावा नापसंत करायचे, दस्तगीरभाई कुरकुरत खरवडून पुन्हा करायचे आणि आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे, "साहेबांचं डोळं जिभंला हायेत." पण चुना किती दिवस भिजवला, हे सरांनी त्यांना कधी विचारलं नाही. दस्तगीरभाई सांगतील ते खरं.

मग शाळेचं काम आलं.

पेठेतली मुलींची जुनी शाळा. काळ्या दगडाच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर कौलं. संस्थेला ती पाडून चार मजले चढवायचे होते. सरांनी बैठकांमागून बैठका घेऊन त्यांना वळवलं. जुने वर्ग दुरुस्त करायचे आणि मागच्या मोकळ्या जागेत नवी इमारत उभी करायची. तिच्या भिंती पोकळ विटांच्या, खिडक्या वारा खेळेल अशा, आणि दोन्ही छपरांचं पाणी अंगणाखालच्या टाकीत. टाकी माझ्या डिझाइनची होती. ती बांधण्याआधीच सर म्हणत, "कागल, तुझी टाकी गळणार."

टाकीसाठी खोदताना खड्ड्याच्या एका कडेला घडीव दगडांची रांग लागली. सर स्वतः खड्ड्यात उतरले. दगडावरची माती त्यांनी हातानं पुसली, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. इतक्या मायेनं त्यांना कुठल्या माणसाकडे बघताना मी बघितलं नव्हतं.

"जुना पाया हाय," ते म्हणाले. "ह्याला धक्का लावू नका. टाकीची भिंत ह्याला टेकवून घ्या."

तसं केलं. काम संपलं, मंत्री येऊन फीत कापून गेले, शाळेचे फोटो मोबाइलवर सगळीकडे फिरले. पहिल्या पावसाळ्यात टाकी भरली, आणि टिपूसभरही गळली नाही. मी सरांकडे बघायचे आणि सर दुसरीकडे बघायचे.

दिवाळीनंतर, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, सातवीच्या वर्गाची भिंत ओली झाली.

संस्थेच्या सेक्रेटरींनी फोटो पाठवले. पायापासून वर चढत गेलेला काळपट डाग, त्याच्या वरच्या कडेला पांढरी बुरशी. रोज नवा फोटो, रोज डाग वर सरकलेला. सातवीच्या मुली व्हरांड्यात बसायला लागल्या. मग त्यांच्या शेजारचा वर्गही हलवावा लागला. सेक्रेटरींनी निरोप दिला, की उन्हाळ्यापर्यंत ओल थांबली नाही तर जुनी इमारत पाडायचा ठराव पुन्हा मांडू. ते हे जरा आनंदानंच सांगत होते, असं मला वाटलं.

सरांची जेवणावरची वासना उडाली. ते रोज शाळेत जाऊन त्या भिंतीसमोर लाकडी बाकावर बसत. पहिला संशय महापालिकेच्या पाइपवर. पण तो रस्त्याच्या पलीकडून जात होता. मग वॉचमनच्या बायकोच्या धुण्याच्या दगडावर. त्या बाईनं त्यांना असं काही सुनावलं, की सर चार दिवस त्या बाजूला फिरकले नाहीत. मग सेक्रेटरींवर, की इमारत पाडता यावी म्हणून हेच पाणी ओतत असतील. आणि माझ्या टाकीवर तर कायमचाच. मी टाकीवरचा संशय चुन्यावर ढकलत होते. ऑफिसात आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. खालचं लोखंड कापायचं यंत्र बंद पडलं, की ती शांतता नकोशी व्हायची.

एके दिवशी सेक्रेटरी सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मिस्त्रीनं चुन्यात सिमेंट मिसळलं, असं कानावर आलंय. त्यानंच पाणी आत कोंडलंय म्हणे."

मी शेजारीच होते. मला वाटलं, सर आता विचारणार, बघितलं का ऐकलं. त्यांनी ते विचारलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ज्या एका माणसावर संशय घ्यायचा राहिला होता, त्याच्यावरचा सगळा साचलेला संशय एकदम बाहेर आला असावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दस्तगीरभाईंना शाळेत बोलावलं. मधली सुट्टी होती. अंगणात मुली, शिक्षक, सेक्रेटरी, दस्तगीरभाईंचे दोन गवंडी, सगळे होते.

"चुन्यात काय घातलंय?" सरांनी थेट विचारलं.

"वाळू, विटंची भुकटी, गुळाचं आन् हिरड्याचं पाणी. घालतोय तेच. का?"

"सिमेंट?"

आपण नीट ऐकलं की नाही, असा दस्तगीरभाईंचा चेहरा झाला. "कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं ते सोडा. घातलंय का न्हाय, एवढं सांगा."

दस्तगीरभाईंनी आपल्या गवंड्यांकडे बघितलं. ती पोरं खाली बघत होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, इतकी वर्सं तुमी माझं काम पाडून परत करून घेतलं, मी कधी उलटून बोललो न्हाय. तवा तुमी काम बघून बोलत हुता. आज कुणाचं तरी ऐकून बोललासा." पायातली चप्पल नीट करून ते फाटकातून बाहेर पडले. गवंडी त्यांच्या मागून गेले.

सरांनी गाडी सुरू केली. मला राहवलं नाही.

"सर, सिमेंट तुम्ही बघितलंत का ऐकलंत?"

त्यांनी रस्त्याच्या मधोमध ब्रेक मारला. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या. मला वाटलं, आता इथंच उतरवणार. सरांनी गाडी वळवली. पुन्हा शाळेत.

त्यांनी स्वतः भिंतीचे चार ठिकाणचे टवके काढले. ऑफिसात येऊन ते काचेच्या ग्लासात अॅसिडमध्ये टाकले. चुना असेल तर फसफसून विरघळतो, सिमेंट असेल तर राखाडी गाळ राहतो. चारही ग्लास फसफसले आणि तळाला नुसती वाळू आणि विटेचे कण राहिले. सर एकेक ग्लास उजेडाकडे धरून बघत होते. शेवटचा ग्लास त्यांनी खाली ठेवला. "ह्यात काय न्हाय," ते म्हणाले. "काय बी न्हाय."

मग माझ्या टाकीची पाळी. त्यांनी दुकानातून कपड्यांची नीळ आणली, पुड्यांवर पुड्या टाकीत ओतल्या. टाकी गळत असेल तर भिंत निळी होणार. आठवडाभर मुली येता-जाता भिंत बघत होत्या, काहींनी आपसात पैजाही लावल्या. टाकी निळीशार झाली. भिंत काळीच राहिली. मला आनंद व्हायला हवा होता, पण सरांकडे बघून झाला नाही. त्यांच्याकडे संशय घ्यायला आता कुणी उरलं नव्हतं.

त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी खणायला सांगितलं. कमरेइतकं खाली गेल्यावर तेच घडीव दगड लागले. पहारीनं एक उचकटला, तर खालून थंडगार, स्वच्छ पाणी वर आलं.

तो पाया नव्हताच. जुन्या काळी तळ्याचं पाणी पेठांत आणायला जमिनीखालून दगडी पाट बांधले होते, त्यातलाच तो एक, कुणाच्याही नकाशात नसलेला आणि अजून वाहता. टाकीची काँक्रीटची भिंत आम्ही त्याला टेकवली नव्हती, त्याच्या तोंडातच बसवली होती. अडलेलं पाणी मागं सरकलं आणि सातवीच्या वर्गात चढलं.

सर खड्ड्याच्या कडेला मातीतच बसले. "एवढ्या लोकांस्नी विचारत सुटलो," ते म्हणाले. "ह्या दगडाला तेवढं विचारलं न्हाय."

पुढचं काम सरळ होतं. टाकीची एक बाजू फोडून पाटाचं पाणी आत घेतलं आणि भरून वाहणारं पलीकडच्या जुन्या वाटेला सोडलं. शाळेला उन्हाळ्यातही पाणी मिळायला लागलं. पाडण्याचा ठराव बारगळला. संस्थेच्या बैठकीत सर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. मिस्त्रीची न्हाय, कागलची न्हाय, चुन्याची न्हाय." मग सेक्रेटरींकडे वळून त्यांनी विचारलं, "सिमेंटचं तुमाला कोण सांगितलं?" सेक्रेटरींना नाव आठवेना. असंच कुणीतरी म्हणालं होतं.

दस्तगीरभाई तेव्हा कबनूरला एका यंत्रमागाच्या शेडचं काम करत होते. सर मला घेऊन तिकडे गेले. चारी बाजूंना माग चालू होते, कानठळ्या बसत होत्या. दस्तगीरभाई ओळंबा लावत होते, त्यांनी वळून बघितलं नाही.

"दस्तगीरभाई, चुकलं माझं," सर म्हणाले.

"काय?"

"चुकलं म्हटलं!"

"ऐकू येत न्हाय!"

"चुकलो मी! तुमच्यावर खोटा आळ घेतला!" सर जोरात ओरडले आणि नेमके त्याच क्षणी शेजारचे माग थांबले, त्यामुळे ते सगळ्या शेडला ऐकू गेलं. बायका-पुरुष कामं टाकून बघायला लागले. सर तसेच उभे राहिले. त्यांनी आवाज खाली आणला नाही. "चारचौघांत बोललो हुतो, म्हणून चारचौघांत सांगतोय!"

दस्तगीरभाईंनी ओळंबा गुंडाळला. ते जवळ आले, सरांच्या कोपराला धरून त्यांना सावलीत घेऊन गेले. पाणी दिलं. मग म्हणाले, "साहेब, माझ्या मनात काय न्हाय. पर तुमच्याकडं आता काम नगं. तुमी मागं उभं ऱ्हायलासा की माझा हात धरंल. भिऊन चुना लावता येत न्हाय."

सरांनी मान हलवली. आग्रह केला नाही. परत येताना ते बोलले ते फक्त पंचगंगेच्या पुलाच्या कठड्याच्या तड्याबद्दल.

पुढे त्यांचे गुडघे गेले. ऑफिस हळूहळू माझ्याकडे आलं. नव्या मिस्त्र्यांना ते पहिल्यासारखेच उलटतपासणी घेऊन हैराण करायचे. दस्तगीरभाईंचं नाव आम्ही दोघंही काढत नसू. गेल्या वर्षी कागलजवळच्या एका गावातला जुना दगडी दवाखाना दुरुस्तीला आला, तेव्हा मी सरांना न सांगता दस्तगीरभाईंकडे गेले. ते तयार झाले. काम उरकत आलं, तशी एक दिवस त्यांनी मला थांबवलं.

"ताई, साहेबास्नी एकदा आणा."

"कशाला? पुन्हा काहीतरी बोलतील."

"बोलू देत की. आता कोण येतंय, मोबाइलवर फोटो काढतंय, 'एक नंबर' म्हणतंय आन् जातंय. भिंतीकडं कुणी बघतच न्हाय हो."

मी सरांना आणलं. काठी टेकत ते आधी दवाखान्याच्या मागच्या बाजूला गेले. दस्तगीरभाई त्यांच्या मागोमाग, दोन हात अंतर ठेवून. दोघांत रामराम, सलाम, काहीच झालं नाही. सर एकेका भिंतीसमोर उभे राहत, पुढे सरकत. सगळ्या खोल्या झाल्या. शेवटच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यापाशी ते थांबले. पुष्कळ वेळ थांबले. मी दस्तगीरभाईंकडे बघायचं टाळत होते.

"हा कोपरा कोण केला?" सरांनी विचारलं.

"मी."

"परत करा."

दस्तगीरभाईंनी खिशातली थापी काढली, सरांना हातानं जरा बाजूला सारलं आणि खुशीत तो कोपरा खरवडायला घेतला.